वनमालाबाईंचे पाय

“रडू दे गं, रडू दे! रडल्याने छाती मोकळी होते,” वनमालाबाईंनी बाथरूमच्या लोटलेल्या दारामागून बाहेर आवाज दिला.

रोज त्या हेच ओरडत, आणि रोज बाहेर बसलेली बाळाची आई, अपूर्वा, ते ऐकून निर्धास्त होई. आज मात्र बाळ अंघोळीने रडत नव्हतं. ते पडलं होतं.

पडलं म्हणजे काही फार उंचावरून नाही. वनमालाबाई बुटक्या पाटावर बसत, दोन्ही पाय समोर लांब करत, पावलं जुळवत आणि दोन नडग्यांच्या मधल्या पन्हळीत बाळाला निजवत. मग तेल, मग साय आणि डाळीचं पीठ, मग चार बोटं बुडवून बेताचं गरम पाणी. चौतीस वर्षं भांडुप, मुलुंड आणि घाटकोपरच्या बाळांना त्या अशाच न्हाऊ घालत आल्या होत्या. हल्लीच्या आया हौसेने निळे-गुलाबी टब आणून ठेवत. “ह्यात काय बटाटे धुवायचेत?” असं म्हणून बाई तो टब पायाने कोपऱ्यात सारत. टब बिचारा मग कपडे भिजवण्याच्या कामी येई.

पण गेले चार महिने उजवा पाय सरळ राहायला तयार नव्हता. बसकणीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मागून कुणी दोरी आवळून धरल्यासारखं होई आणि गुडघा आपोआप वर येई. बाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. अंघोळ पाच मिनिटं लवकर उरकायची, एवढाच उपाय त्यांनी केला होता. आज पिठाचा हात फिरत असतानाच मागची शीर अशी काही ओढली गेली की गुडघा ताडकन वर आला, बाळ डावीकडे कललं आणि तेलकट दंडावरची पकड सुटली. बादलीची कड बाळाच्या कानाच्या वर लागली.

बाईंनी त्याला उचलून छातीशी धरलं. हात हलवून पाहिले, पाय हलवून पाहिले, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. मिनिटभरात बाळ शांत झालं आणि पदर चोखायला लागलं. कानाच्या वर बोराएवढा लाल डाग तेवढा होता.

दार हाताच्या अंतरावर होतं. उघडून “अपूर्वा, जरा ये गं,” एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी दार उघडलं नाही. त्यांनी बाळाला पुन्हा पायांवर घेतलं आणि उरलेली अंघोळ पुरी केली.

नंतर धुरी दिली, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, काजळाची डबी काढली. तीट रोज गालावर एक आणि तळपायाला एक असायची. आज बाईंनी कानाच्या वर, त्या लाल डागावर, बोटभर काजळ फासलं.

“मावशी, आज एवढी मोठी तीट? आणि तिकडे?” अपूर्वा हसली.

“दृष्ट लागते गं त्याला. काल संध्याकाळी किरकिरला, तूच म्हणालीस ना?” बाई म्हणाल्या, आणि चपला घालून निघाल्या. लिफ्टमध्ये आरसा होता. सात मजले उतरेपर्यंत त्या आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार अपूर्वानेच उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते.

“मावशी, वाट लागली हो काल. संध्याकाळी त्याचं तोंड पुसताना काजळ निघालं, बघते तर केवढं टेंगूळ! तसेच धावलो डॉक्टरकडे. ते म्हणाले, काही नाहीये, दोन दिवस लक्ष ठेवा. पण माझा जीवच गेला होता.”

“अगंबाई!” बाई म्हणाल्या.

अपूर्वाने आवाज खाली आणला. “आईंच्या हातून झालं. दुपारी माझी मीटिंग असते ना, तेव्हा त्या घेऊन बसतात बाल्कनीत. त्यांना डुलकी लागते. खुर्चीच्या हातावर आपटलं असणार. मी विचारलं तर त्याच म्हणाल्या, माझा डोळा लागला असेल गं, मला कळलं नसेल. सौरभनेही स्वतःच्या आईची बाजू घेतली नाही. मग मीच सांगितलं, यापुढे त्याला घेऊ नका म्हणून. काय करणार?”

बाईंनी आत पाहिलं. अपूर्वाच्या सासूबाई, ज्यांना वनमालाबाई आजी म्हणत, जेवणाच्या टेबलापाशी मेथी निवडत बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बारीकशी बाई. रोज बाई आल्या की आजी आधी चहा विचारायच्या आणि मग नातवाने रात्रभरात काय काय पराक्रम केले ते सांगायच्या. आज त्यांनी मान वर केली नाही. एकेक पान त्या इतकं निरखून खुडत होत्या की जणू तेवढंच काम त्यांच्यावर सोपवण्यासारखं उरलं होतं.

सांगून टाकावं, असं बाईंच्या अगदी ओठांशी आलं. पण अपूर्वाच्या फोनवर आयांचा एक ग्रुप होता. त्याच ग्रुपवरून बाईंना हे घर मिळालं होतं, खालच्या मजल्यावरचं मिळालं होतं आणि समोरच्या इमारतीतलंही. मावशींनी बाळ पाडलं, एवढे तीन शब्द तिथे पडले की दुपारपर्यंत मुलुंडभर व्हायला वेळ लागणार नव्हता. चौतीस वर्षांत बाईंना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावंसं वाटलंही नव्हतं. चाळीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, ‘न्हाणीवाल्या मावशी’ म्हणत. ते नाव गेलं तर आपण कोण, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

म्हणून त्या म्हणाल्या, “असू दे गं. म्हातारं माणूस आहे. होतं असं.”

हे वाक्य टेबलापर्यंत ऐकू गेलं. आजींचा हात मेथीवर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

बाईंना त्या क्षणी स्वतःची किळस आली. गप्प बसणं वेगळं, आणि हे वेगळं. पण तोंडातून गेलं ते गेलं. बाथरूममध्ये शिरून त्यांनी दाराला कडी घातली, टॉवेलची गुंडाळी करून उजव्या गुडघ्याखाली सारली आणि बाळाला असं धरून न्हाऊ घातलं की बोटांचे वळ उठतील की काय, अशी त्यांनाच भीती वाटली.

त्याच दुपारी त्या महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या. फिजिओथेरपीच्या खोलीत नॅन्सी नावाची एक मुलगी होती, मढची, हसरी आणि भराभर बोलणारी. तिने बाईंना बाकावर उताणं झोपवलं आणि उजवा पाय सरळ ठेवून वर उचलायला घेतला. पाय अर्ध्यावरसुद्धा गेला नाही.

“बस? एवढाच?”

“ह्याच्यापुढे नाही गं येत बाय. आई गं!”

“मावशी, हॅमस्ट्रिंग एकदम टाइट झालेत तुमचे. हे मांडीच्या मागचे स्नायू, बघा, इथून इथपर्यंत.” तिने बोट फिरवून दाखवलं. “रात्री गुडघ्याखाली उशी घेता काय?”

“घेते. बरं वाटतं.”

“बरं वाटतं आणि आखडून बसतात. आजपासून उशी बंद.”

साडी घोट्याच्या वर गेली म्हणून बाई एका हाताने निऱ्या धरून होत्या. आयुष्यभर त्यांनी बाळंतिणींच्या पोटऱ्या चोळल्या, कुठली शीर कुठे जाते ते अंधारात सांगितलं असतं. आणि आपल्याच पायाचं हे गणित एका पंचविशीतल्या पोरीने दोन मिनिटांत उलगडून दाखवावं! नॅन्सीने एक टॉवेल पावलाभोवती अडकवून त्याची दोन्ही टोकं बाईंच्या हातात दिली.

“आता गुडघा सरळ. टॉवेलने पाय हळूहळू वर ओढा. मागे ताण आला की थांबा. दुखेपर्यंत नाही हां, ताण येईपर्यंत. तीस अंक मोजा. श्वास कोंडू नका.”

बाईंनी सवयीने एक झटका मारला.

“झटका नाही, मावशी! झटका दिला की ते अजून घट्ट होतात. त्यांना सवड द्यायची. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ.” मग तिने त्यांना बाकाच्या कडेला बसवलं, एक पाय समोर लांब करून टाच जमिनीला टेकवायला लावली. “आता पुढे वाका. पाठीची कमान नको, कमरेतून वाका. छाती पुढे. बरोब्बर!”

“किती दिवसांत सुटतील?”

“सहा-आठ आठवडे धरा.”

“मला परवापर्यंत पाहिजेत.”

नॅन्सी खो खो हसली. “सगळ्यांना परवापर्यंतच पाहिजे असतं! तुम्ही काम काय करता, मावशी? उभ्याचं की बसून?”

बाईंनी निऱ्या सारख्या केल्या. “काही नाही. घरीच असते.”

नॅन्सीने कागदावर तसं लिहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी आपलं काम पहिल्यांदाच लपवलं होतं. बाहेर पडून रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिल्या तरी कानशिलं गरमच होती.

भांडुपच्या टेकडीवरच्या त्यांच्या खोलीत नवरा, गुणाजी, टीव्हीसमोर बसलेला असे. सोसायटीच्या वॉचमनकीतून सुटल्यापासून त्याला दुसरं ठाणं नव्हतं. बायको जमिनीवर उताणी पडून पायाला टॉवेल बांधून आकडे मोजतेय, हे पाहून त्याने आवाज बारीक केला.

“काय गो, ह्या काय नवीन? पायाक दोरी बांधून खय चललंस?”

“गप बसा. बावीस, तेवीस…”

“अगो, पण झाला काय?”

तीस झाल्यावर बाईंनी पाय खाली ठेवला आणि छताकडे बघत सगळं सांगितलं. बादली, तीट, आजी, सगळं. गुणाजी टीव्हीकडे पाठ करून बसला.

“पोराक काय झाला नाय मां?”

“नाही.”

“मगे गप ऱ्हव. पोर बरा आसा, म्हातारेक कोण घरातून काढूक नाय. दोन म्हयन्यांनी सगळी इसारतली.” तो पुन्हा टीव्हीकडे वळला. जरा वेळाने न बघताच म्हणाला, “पाय धरू काय मी? वर उचलूक?”

त्याने पाय धरला. बाईंना रडू आलं ते पायामुळे नव्हतं, पण गुणाजीला वाटलं आपण जोरात ओढलं, आणि तो घाबरून पाय सोडून बसला.

त्यानंतरचे दिवस बाईंनी नॅन्सीचं सांगणं एखाद्या व्रतासारखं पाळलं. सकाळी निघण्याआधी तीन-तीन वेळा, आल्यावर तीन-तीन वेळा. झटका नाही, श्वास कोंडायचा नाही. पाय बोटभर वर आला, मग दोन बोटं. त्या स्वतःची समजूत घालत, की पाय सुटले, काम पूर्वीसारखं झालं, की हे सगळं मिटलंच म्हणायचं. पण रोज सकाळी सातव्या मजल्याचं दार उघडलं की आजी टेबलापाशी दिसत. कधी मेथी, कधी वाटाणे, कधी नुसतंच वर्तमानपत्र. बाळ रडलं की त्या अर्धवट उठत आणि अपूर्वा येईपर्यंत तशाच उभ्या राहून परत बसत. चहा विचारायचंही त्यांनी सोडलं होतं. घरात कुणी त्यांना टाकून बोलत नव्हतं, उलट सगळे जास्तच गोड बोलत होते, आणि तेच बाईंना बघवत नव्हतं.

दहाव्या दिवशी बाई पाटावर बसून बाळाच्या पाठीला तेल लावत होत्या. दार लोटलेलं होतं. ते हळूच ढकललं गेलं आणि आजी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांनी पदरात गुंडाळून पोटाशी धरले होते.

“वनमाला,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “मी नुसता पाय धरू का गं त्याचा? दोनच मिनिटं. अपूर्वाला विचारलं नाहीये मी. पण तू आहेस ना समोर. तुझ्यादेखत काही व्हायचं नाही.”

बाईंचे हात थांबले. स्वतःच्या नातवाचा पाय धरायला ही बाई परवानगी मागत होती, आणि मागत होती ती कुणाकडे! लाजेने बाईंच्या अंगाची आग आग झाली.

“आजी, तुम्ही बाहेर बसा,” त्या म्हणाल्या. “मी येते.”

आजींना वाटलं, नाही म्हणाली. त्या मान हलवून मुकाट्याने वळल्या.

बाईंनी बाळाचं अंग घाईने पण नीट धुतलं, पुसलं, गुंडाळलं. धुरी नाही, काजळ नाही. हॉलमध्ये अपूर्वा कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर काम करत होती. आजी बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या.

“अपूर्वा, ते कानातलं काढ आणि आधी ह्याला घे.”

अपूर्वाने बाळाला घेतलं. “काय झालं, मावशी?”

“त्या दिवशीचं टेंगूळ आजींमुळे नाही आलं. माझ्या पायांवरून पडला तो. बादलीवर आपटला. माझा पाय सरळ राहत नाही, चार महिने झाले. मी सांगितलं नाही.”

अपूर्वाचा हात बाळाच्या कानाकडे गेला. “पण त्या दिवशी तुम्ही… ती तीट?”

“झाकायला लावली.”

हेडफोनमधून कुणाचा तरी बारीक आवाज येत होता. अपूर्वाने लॅपटॉप मिटला.

“आणि दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगत होते तेव्हा तुम्ही इथेच उभ्या होतात. म्हणालात, म्हातारं माणूस आहे, होतं असं. मावशी, तुम्ही असं म्हणालात!”

“म्हणाले.”

“डोक्याला लागलं होतं हो त्याच्या! तेव्हाच सांगितलं असतंत तर मी संध्याकाळपर्यंत थांबले असते का? काही झालं असतं तर?”

माफी मागायची बाईंना लाज वाटली. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि ह्या पोरीकडून आणखी काही घ्यायला त्यांना तोंड नव्हतं.

“उद्यापासून येऊ नका,” अपूर्वा म्हणाली.

“नाही येणार. ग्रुपवरपण टाक तू. बाकीच्या घरी मी आजच सांगते, पण तू टाक.”

अपूर्वा उठली ती बाळाला घेऊन थेट खुर्चीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. “आई, सॉरी. मी तुम्हाला दहा दिवस… घ्या ना ह्याला. घ्या.”

आजींचे हात पदरातच राहिले.

“असू दे गं तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या.

“आई, तुम्ही ऐकलंत ना? तुमच्या हातून काही झालं नव्हतं.”

“ऐकलं. पण डोळा लागतोच ना माझा? खोटं थोडंच आहे? दहा दिवस मी तेच मनात घोळवतेय, की कसा पडला असेल, कुठे लागलं असेल. मला दिसायलासुद्धा लागलंय ते. आता हातच पुढे होत नाहीत बघ. भीती बसलीय.”

बाई दारापाशी पोचल्या होत्या. एक चप्पल पायात होती. खरं सांगितलं की आजींचं आजींना परत मिळेल, एवढं तरी त्या धरून चालल्या होत्या. ते आता दहा दिवस जुनं झालं होतं आणि परत देण्यासारखं त्यांच्या हातात काही राहिलं नव्हतं. त्यांनी दुसरी चप्पल शोधायला खाली बघितलं.

“वनमाला.”

आजींनी हाक मारली होती. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती.

“तू इथे बस माझ्यासमोर. तू बसलीस तर घेईन मी.”

बाईंनी अपूर्वाकडे पाहिलं. अपूर्वा बाजूला सरकली.

बाई परत आल्या आणि खुर्चीसमोर लादीवर बसल्या. पाय लांब करून पाहिले. उजवा गुडघा वर आला, डावाही थोडा आला. इतके दिवस त्या गुडघ्यावर त्या पदर टाकत, टॉवेल टाकत, काहीतरी टाकत. आज त्यांनी तो तसाच राहू दिला. दोघींना दिसत होता. मग त्यांनी दोन्ही तळहात पसरून आजींच्या मांडीच्या पुढे जरा खाली, झेलायला धरावेत तसे हवेत धरले.

आजींनी पदरातून हात काढले. अपूर्वाने बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. आजींची बोटं आधी दुपट्यावर नुसती टेकली, मग वळली, मग एक हात मानेखाली गेला. बाळाने जांभई दिली.

खाली कुठेतरी भंगारवाला ओरडत गेला. बाईंचे दंड भरून आले, मांडीच्या मागची शीर ठणकायला लागली, पण त्यांनी हात हलवले नाहीत. आजी बाळाकडे बघत होत्या. त्यांचा डोळा लागला नाही.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “काढ आता हात.”

वनमालाबाईंनी हात काढून घेतले आणि आपल्या मांडीवर ठेवले.